‘लुक फॉरवर्ड टू’नंतर ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’

ऑफिसच्या ईमेलच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’ असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ हवं. ‘वाँट टू मीट’, ‘होप टू मीट’ हातात बसलेलं असतं, त्यामुळे ‘टू’ आला की पुढे मूळ क्रियापद आपोआप टाइप होतं. पण इथला ‘टू’ शब्दयोगी अव्ययासारखा आहे. त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ लावलेलं क्रियापदच चालतं.

शंका आली तर ‘टू’नंतर ‘युअर रिप्लाय’ ठेवून वाचा. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ नीट बसतं, म्हणून ‘टू हिअरिंग फ्रॉम यू’. ‘वाँट टू युअर रिप्लाय’ बसत नाही, तिथे ‘हिअर’च राहू द्या. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘विथ अ व्ह्यू टू’ यांनाही हीच कसोटी लावा.

नोकरीच्या अर्जात ‘आय लुक फॉरवर्ड’ शोभतं. ओळखीच्या माणसाला ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ मोकळं वाटतं. नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड’ लिहून वाक्य सोडणं मात्र औपचारिक पत्रात टाळाच. तुम्हाला उत्तर हवंय, भेट हवीय की कागदपत्रं, हे समोरच्याला कळतच नाही.