अलार्म आणि दरवाजे एकाच पॅनेलवर घेताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे गोदाम असो की कुपवाड एमआयडीसीतील छोटा कारखाना, चोरीचा अलार्म आणि कार्डाने उघडणारे दरवाजे एकत्र बसवायचे ठरले की मालकाचा पहिला प्रश्न असतो तो झोन, म्हणजे सेन्सरच्या स्वतंत्र लाइनी, किती आहेत, हा. झोन मोजावेतच, पण दोन्ही कामे खरोखर एकच पॅनेल, म्हणजे नियंत्रण पेटी, करते, की दोन वेगळ्या पेट्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) तारांनी नुसत्या जोडल्या आहेत, हे त्याआधी तपासले पाहिजे.

हा फरक सकाळी कळतो. दिवाणजी कार्ड लावतात, दरवाजा उघडतो, मात्र आतला अलार्म चालूच असल्याने सायरन वाजू लागतो. असे चार वेळा घडले की रात्री अलार्म लावणेच बंद होते आणि सगळा खर्च भिंतीवर लटकत राहतो. एकत्रित पॅनेलमध्ये कार्ड ओळखले जाताच त्या माणसाला अधिकार असलेल्या विभागाचाच अलार्म बंद होतो, गोदामाचा तसाच चालू राहतो. आणि ज्याला अधिकार नाही त्याच्यासाठी त्या वेळेत दरवाजा उघडतच नाही. विक्रेत्याकडून हे दोन्ही प्रसंग समोर करून घ्यावेत, माहितीपत्रकावर विसंबू नये.

दुसरी चूक बॅटरीची, आणि ती सर्वांत महाग पडते. पॅनेलच्या पेटीत साधारणपणे 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनेल, आठ-दहा सेन्सर आणि मोबाइल नेटवर्कवरून इशारा पाठवणारे जीएसएम मॉड्यूल मिळून 0.4 अँपिअर घेतात असे धरले, तर कागदावर सतरा तास निघतात. त्याच बॅटरीवर 600 पौंडांची ओढ सोसणारी दोन चुंबकी कुलपे टाकली, तर प्रत्येकी सुमारे अर्धा अँपिअर वाढून हिशेब पाच तासांवर येतो, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही खाली. वीज गेल्यावर चुंबकी कुलूप सुटते, म्हणजे बॅटरी संपताच गोदाम उघडे. कुलपांना स्वतंत्र पॉवर सप्लाय आणि स्वतंत्र बॅटरी द्यावी. दार बंद होताना पॅनेल रीसेट होत असेल किंवा कुलूप नुसते ओढल्यावर सुटत असेल, तर पॅनेलला दोष देण्याआधी कुलपाच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे; लांब आणि बारीक तारेत ते बरेचदा उतरलेले आढळते.

वीज गेली तरी बंदच राहणारे कुलूप घेतले की हा प्रश्न सुटतो, असे वाटणे साहजिक आहे. परंतु आतल्या माणसाला कार्डाशिवाय, वीज नसतानाही, नुसत्या हँडलने बाहेर पडता आले पाहिजे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये तर हे टाळताच येणार नाही. तेथे आत मदतीचे बटण आणि तापमानाचा सेन्सर असावा, व दोन्ही अलार्म लावलेला नसतानाही जागे असणाऱ्या चोवीस तासांच्या झोनवर घ्यावेत. आगीचा इशारा मिळताच चुंबकी कुलपाचा पुरवठा थेट तारेने तुटावा. ते काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये.

तारांबाबतची एक चूक मात्र उघड दिसत नाही. तारेतली छेडछाड पॅनेलला ओळखता यावी म्हणून झोनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरपाशी बसवायचा रेझिस्टर घाईत पॅनेलच्या पेटीतच बसवला जातो. मग वाटेत कोणी तार शॉर्ट केली तरी पॅनेलला सारे ठीकच दिसते. तसेच दरवाजाचा रिले बाहेरच्या कार्ड रीडरमध्ये असेल, तर रीडर उचकटून दोन तारा जोडणाऱ्याला कार्डाची गरजच उरत नाही. रिले आतल्या पॅनेलमध्येच हवा. नवी जोडणी असेल तर ओएसडीपी, म्हणजे रीडर आणि पॅनेल यांच्यातील संवादाची नवी पद्धत, चालणारे पॅनेल पाहावे. जुन्या वायगँड पद्धतीत कार्डाचा क्रमांक तारेतून उघडाच जातो, ओएसडीपीमध्ये तो एन्क्रिप्ट करण्याची सोय असते.

पेटीची जागाही विचारपूर्वक ठरवावी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेले होते. नदीकाठच्या पेठांतील दुकानदाराने पॅनेल आणि बॅटरी वरच्या मजल्यावर न्यावी.

शेवटचे पैसे देण्यापूर्वी इन्स्टॉलर कोड (पॅनेलच्या सेटिंग बदलण्याचा संकेतांक) आणि प्रोग्रॅमिंगची प्रत लेखी घ्यावी. हा कोड फक्त बसवणाऱ्याकडेच राहिला, तर पुढे एक कार्ड रद्द करण्यासाठीही त्याच्या फोनची वाट पाहावी लागते.