घर जळाल्यावर वाडीने करायची तयारी

आग विझली की पहिली मदत त्याच अंगणात सुरू होते. कुणी चहा आणतं, कुणी पोरांना आपल्या घरी झोपायला नेतं, कुणी गुरं दुसऱ्या गोठ्यात बांधतं. त्याला यादी लागत नाही. यादी लागते ती दुसऱ्या दिवसापासून, आणि आमच्या कोकणात ती पावसाच्या हिशेबाने करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये घर पेटलं तर मृगाच्या आत डोक्यावर कौलं चढली पाहिजेत. पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. छपराचे पैसे लागतात ते दीड-दोन महिन्यांनी, जेव्हा लोक आपापल्या कामाला लागलेले असतात. आमच्या वाडीत दोनदा ही वेळ आली. पहिल्यांदा आम्ही बऱ्याच गोष्टी चुकलो, दुसऱ्यांदा थोड्या कमी. दुसऱ्या कुठल्या वाडीला त्याचा उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी घरच्यांना विचारा. ‘तुमच्यासाठी पैसे गोळा करू का?’ एवढंच, पण त्यांच्या तोंडून ‘हो’ आल्याशिवाय एकही मेसेज पुढे पाठवू नका. पहिल्या वेळी आम्ही हे केलं नाही. रात्रीच फोटो मुंबईपर्यंत पोचले, आणि त्या घरातल्या काकींना आपल्या जळक्या माजघराचा फोटो बहिणीच्या फोनवर बघायला मिळाला. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत, पण ते आम्हाला आजही लागून आहे. फोटो लागतोच, तर बाहेरून काढलेला घराचा द्या. रडणाऱ्या माणसांचा नको, मुलांचे चेहरे तर मुळीच नकोत. आणि बोलणं घरातल्या बाईशीही होऊ द्या, फक्त कर्त्या पुरुषाशी नको. घरात काय होतं आणि आता काय नाही, हे तिला पाठ असतं.

दुसरं म्हणजे लगेच साफसफाईला लागू नका. मदतीला धावलेल्या पोरांचा हात पहिला फावड्याकडे जातो, तो थांबवा. तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत राख, पडलेले वासे, वितळलेली भांडी जिथल्या तिथे राहू द्या. पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद करा, बंब आला असेल तर अग्निशमन दलाचा दाखला मागा, ग्रामपंचायतीतून असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीचा, उतारा काढा आणि तहसीलदारांकडे अर्ज द्या. पंचनामा होताना वाडीतलं लिहिता-वाचता येणारं एक माणूस शेजारी उभं असू द्या, कारण तिथे एका शब्दाने फार फरक पडतो. सरकारच्या आपत्ती मदतीच्या निकषांत आगीचाही समावेश आहे. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांप्रमाणे पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये. तेच घर ‘अंशतः’ लिहिलं गेलं तर पक्क्याला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती उभ्या राहतात आणि आढ्यापासून रीपेपर्यंत सगळं छप्पर जातं. लांबून बघणाऱ्याला घर उभंच दिसतं. म्हणून आतून फोटो काढा, तडे दाखवा, आणि काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. गोठा जळून जनावर गेलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० अशी तरतूद त्याच निकषांत आहे, पण दाखला हवा.

आग सिलिंडरमुळे लागली असेल तर गॅस एजन्सीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. तेल कंपन्यांचा विमा ग्राहकासाठी असतोच, त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत जास्तीत जास्त २ लाख, मृत्यू झाल्यास प्रत्येकी ६ लाख. हे फार लोकांना माहीत नसतं, आणि माहीत नसल्यामुळे कुणी मागत नाही.

राखेत कपाट किंवा ट्रंक सापडली आणि आत नोटांची गड्डी काळी पडलेली असली, तर ती हाताने सोडवायला जाऊ नका. तशीच्या तशी डब्यात उचला. थोडी फाटलेली नोट बँक बदलून देते, पण जळून ठिसूळ झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच तपासल्या जातात. आपल्याला त्यातली जवळची मुंबई आणि बेलापूरची. त्यात वाचलेला नोटेचा भाग किती, त्यावर किती पैसे मिळतात ते ठरतं. दागिन्यांसाठी राख चाळायची, ती पंचनाम्यानंतर आणि घरच्या माणसांसमोरच. कागदांमध्ये पहिलं रेशनकार्ड, कारण कुणी भाजलं असेल तर सरकारच्या मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेत उपचार घेताना रुग्णालय तेच मागतं. मग आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले. या कामाला वाडीतलं एक तरुण पोर नेमून द्या, त्या घरच्या माणसाला एकट्याला तालुक्याला फेऱ्या मारायला लावू नका.

आता पैशाचं. वाडीतल्या एखाद्या विश्वासू माणसाच्या नंबरावर पैसे मागवणं सगळ्यात सोपं वाटतं, आणि पुढे त्याच्यावरूनच बोलणी होतात. पैसे त्या कुटुंबाच्याच खात्यात जाऊ देत, शक्यतो नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात. पण आवाहन पाठवण्याआधी बँकेत जाऊन ते खातं कसलं आहे ते विचारा. पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात १ लाखाहून जास्त जमा होत नाही, शिल्लक ५०,००० च्या वर जात नाही आणि महिन्याला १०,००० हून जास्त काढता येत नाहीत. नेमके लोक पैसे पाठवत असताना खातं अडकलं, तर त्या घराला ते दुसऱ्यांदा जळाल्यासारखं होतं. केवायसी आधी पूर्ण करून घ्या. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळून ५०,००० च्या वर रक्कम आली तर ती सगळीच आयकराच्या दृष्टीने उत्पन्नात धरली जाते, तेव्हा कुणी किती दिले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि ओळखीच्या सीएला एकदा दाखवा.

मुंबईचं ग्रामस्थ मंडळ हा आपला मोठा आधार. चाळीतल्या खोलीत बैठक घेऊन रात्रीत वर्गणी उभी करणारी माणसं आहेत ती. मंडळ वर्गणी काढणार असेल तर सभेत ठराव लिहा, पावतीपुस्तक नवं काढा, आणि गणपतीच्या वर्गणीला जशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेतो तशी इथेही विचारणा करा. पैसे काढायला दोन सह्या ठेवा. आखातात नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्टवरचा गाववाला आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर अडचण नाही. पण जो आता अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा नागरिक झालाय त्याची देणगी मंडळाच्या खात्यात घेऊ नका, परदेशी देणगीचा कायदा तिथे लागू होतो. आणि ‘करात सूट मिळेल’ असं आवाहनात लिहू नका. ती सूट आयकर खात्याची ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या कुटुंबाला दिलेल्या पैशावर मिळत नाही.

आवाहन छोटं असू द्या. कधी, कुठे आग लागली, घरात माणसं किती, काय गेलं, काय हवंय, पैसे कुठे पाठवायचे, आणि चौकशीसाठी वाडीतल्या दोघांचे नंबर. आकडा अंदाजाने लिहू नका. सुताराला बोलवा, आढं, वासे, रीपा, कौलं, कोने असा हिशेब कागदावर घ्या. गवंड्याकडून भिंती तपासून घ्या, कारण आगीत भाजलेली भिंत नव्या छपराचं ओझं पेलेलच असं नाही. त्या दोघांनी दिलेल्या आकड्यातून सरकारी मदत आणि घरातल्यांची स्वतःची सोय वजा करून उरेल तेवढं मागा. रक्कम भरली की ‘पुरे झालं, आता थांबा’ असाही मेसेज करा. आम्ही तो केला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून सांगितलं, की पुढच्या वेळी आम्ही आधी तुमच्याकडेच देऊ.

वस्तूंचं वेगळंच. न सांगता आल्या तर जुने कपडेच येतात. पहिल्या वेळी सात गोणी आल्या, शेजारच्या पडवीत पसरल्या, आणि त्यात त्या घरातल्या आजींना नेसता येईल असं एकही नऊवारी लुगडं नव्हतं. म्हणून बाईकडून यादी घ्या आणि यादीतली एकेक वस्तू एकेका घराला वाटून द्या. नवे आतले कपडे, पॅड, चष्मा, रोजच्या गोळ्या, चप्पल, दप्तर आणि वह्या या गोष्टी कुणी आपणहून आणत नाही, आणि पहिल्याच दिवशी अडतं ते त्यांच्यावाचून. मग टोप, तवा, कळशी, विळी, अंथरूण-पांघरूण, कोयती. तांदूळ एकदम क्विंटलभर नको, ठेवायला जागा कुठे आहे? महिन्याला एकेक घराने द्यायचे असं ठरवा, पावसाळाभर पुरतील.

पैसे आले तरी सगळे एकदम खर्चू नका. लाकूड आणि कौलं आधी घ्या, मजुरी कमी करता येते. कौलं चढवायच्या दिवशी अंगणापासून आढ्यापर्यंत माणसांची रांग लावली की हातोहात काम संध्याकाळपर्यंत होतं. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तोच दिवस धरा. वीज जोडणी परवानाधारक माणसाकडून तपासल्याशिवाय घेऊ नका. जमा-खर्चाचा कागद दर आठवड्याला सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी ठेवतात त्या जागी, लावा आणि मुंबईच्या गटावरही पाठवा, पण त्यात कुणी किती दिले ते नावानिशी नको. पन्नास रुपये देणाऱ्या म्हातारीला संकोच वाटता कामा नये.

नावानिशी वही मात्र एक ठेवा, आणि छप्पर चढल्यावर ती त्या घरात नेऊन द्या. आमच्या काकींनी ती मागूनच घेतली. लग्नातल्या आहेराच्या वहीशेजारी ती ठेवलेली असते, आणि वाडीत कुणाकडे कार्य निघालं की त्या आधी तिच्यातलं पान काढून बघतात.