मुलाच्या हातात जोर नाही, लिहायला नको म्हणतं? आधी वही बाजूला ठेवा आणि हे करून बघा

मोठ्या गटातलं किंवा पहिलीतलं मूल चार ओळी लिहिल्या की "हात दुखतोय" म्हणतं आणि पेन्सिल टाकून देतं, आणि मग घरी काय होतं तर सराव व्हावा म्हणून रोज दोन पानं जास्तीची लिहून घ्यायला लागतात. मी पुण्यात बालवाडीत शिकवते आणि पालकांना पहिली विनंती हीच करते की ही जास्तीची पानं आजपासून बंद करा. दमलेल्या हाताने लिहिताना मूल कशीतरी पेन्सिल धरून पान संपवतं, तीच पकड पक्की होत जाते आणि नंतर ती सोडवायला फार त्रास होतो. जोर आधी येऊ दे, अक्षर मग येतं.

एक लक्षात घ्या, हात तयार व्हायला वेळच लागतो. मनगटात ८ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी नुसती कूर्चा (हाडाआधीचा मऊ, लवचिक भाग) असते आणि पुढे कित्येक वर्षं हळूहळू पक्की होत राहतात. तीन बोटांची नीट पकड साधारण ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान बसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. त्यामुळे ४ वर्षांच्या मुलाला ओळीत लिहिता येत नाही म्हणून घाबरू नका, पण ५-६ वर्षांचं मूल बटण लावणं, डबा उघडणं, टूथपेस्ट दाबणं सगळंच टाळत असेल तर मनावर घ्या.

आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा

काही बोलू नका, टोकू नका. पेन्सिल मुठीत धरतो का, अंगठा बोटांवरून गुंडाळतो का, पहिल्या बोटाचं शेवटचं पेर आत वाकतं का, नख पांढरं पडतं का. दुसरा हात वही धरतो की मांडीवर नुसता पडलेला असतो. डोकं टेबलवर टेकवतो का. आणि हो, खूप दाबून लिहिणारं मूल, म्हणजे ज्याच्या अक्षरांचे वळ मागच्या पानावर उमटतात ते, त्याच्याही हातात बऱ्याचदा ताकद कमीच असते, बोटांना आपोआप स्थिर राहता येत नाही म्हणून ते सगळा जोर लावून पेन्सिल आवळून धरतं. अशा मुलाला "हलकं लिही, हलकं लिही" सांगून काही होत नाही.

मग सुरुवात खांद्यापासून

हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण खांदा आणि पाठ डळमळीत असेल तर बोटं मोकळी हलतच नाहीत. सोसायटीच्या बागेत किंवा सारसबागेत नेलंत तर घसरगुंडीपेक्षा लोंबकळायच्या दांड्याकडे न्या, सुरुवातीला दोन-तीन सेकंद लटकला तरी पुरे, खाली तुम्ही उभे राहा. घरी हातगाडीचा खेळ खेळा, मुलाने हातांवर चालायचं आणि मागून तुम्ही पाय उचलून धरायचे. मूल अशक्त असेल तर घोटे न धरता मांड्यांना धरा, म्हणजे हातांवर वजन कमी येतं. अस्वलासारखं चारी पायांवर चालणं, पालथं पडून कोपरांवर रेलून चित्र काढणं, धुतलेल्या कपड्यांची बादली ढकलत गॅलरीत नेणं, सगळं चालतं. जवळपास मल्लखांबाचा क्लास असेल आणि मुलाला आवडत असेल तर अगदी उत्तम.

आता स्वयंपाकघर

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, हाताच्या व्यायामाची मऊ पुट्टी-बिट्टी नसली तरी चालतं. लिंबाएवढी कणीक द्या, ती मळायची, चेपायची, साप करायचे, गोळ्या वळायच्या. आठवड्याभराने पुरीची घट्ट कणीक द्या. चिंच कोळायला द्या, अर्धं लिंबू पिळायला द्या, घरात रवी असेल तर ताक घुसळू दे. मंडईतून आणलेली गवार मोडणं, मटार सोलणं, मेथी निवडणं ही कामं आजीबरोबर बसून छान होतात.

आणि माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे डाळिंब्या सोलणं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातलेले असतात, एक दाणा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या टोकात धरायचा, हलकंच दाबायचं की दाणा सालातून सुळकन बाहेर येतो. जास्त दाबलं तर दाणा फुटतो, कमी दाबलं तर साल सुटत नाही. पेन्सिलला लागतो तो नेमका हाच अंदाज, आणि मुलाला तो न सांगता कळतो. दहा-पंधरा दाणे झाले की थांबा, अख्खी वाटी सोलून घ्यायची नाही. घरात ३-४ वर्षांच्या आतलं भावंड असेल तर वाल, शेंगदाणे, मणी त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात, नाकात जातात.

सणांचा पण उपयोग करा. गणपतीच्या आधी शाडूची माती, दिवाळीत किल्ला, म्हणजे चिखल कालवणं, दगड-विटा उचलणं, बोटांनी पायऱ्या कोरणं, यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही, कपडे खराब होतील ते होऊ दे. रांगोळीची चिमूट सोडताना अंगठा बोटांवर सारखा घासत राहतो, लिहिताना बोटांची हालचाल अशीच होते, त्यामुळे चार ठिपके आणि दोन रेषा रोज उंबऱ्याशी काढू द्या. लहान असेल तर रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ घ्या.

बाकी छोटी-छोटी कामं: वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं, कुंड्यांवर स्प्रे मारणं, जुन्या लग्नपत्रिका कात्रीने कापणं (जाड कागद असतो म्हणून हाताला जोर लागतो, कात्री मुलांची बोथट टोकाची घ्या). स्वतःची बटणं स्वतः. हल्ली सगळं इलॅस्टिक आणि वेल्क्रो असल्यामुळे हातांना कामच उरलेलं नाही, सकाळी शाळेच्या गडबडीत जमत नसेल तर संध्याकाळी सावकाश लावू दे.

चिमटे लावताना एक युक्ती आहे, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात कापसाचा छोटा बोळा धरून ठेवायला सांगा आणि चिमटा उरलेल्या तीन बोटांनी उघडायचा. लिहिताना ही दोन बोटं आत दुमडून आधार देतात आणि बाकीची तीन काम करतात, ते वेगळं होणं यातून येतं.

पेन्सिलच्या आधी खडू

खडू किंवा क्रेयॉन मोडून इंचभराचे तुकडे करा. एवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही, तीन बोटंच वापरावी लागतात. कागद भिंतीवर किंवा फ्रिजच्या दारावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं, तेच लिहिताना हवं असतं. गच्चीच्या भिंतीवर पाणी आणि रंगाचा ब्रश घेऊन मोठमोठे गोल काढणंही तसंच. पाटी-पेन्सिल घरात असेल तर काढा, पाटीचा खरखरीतपणा हाताला चांगला रोध देतो.

हे सगळं एका दिवसात करायचं नाही बरं का. रोज १०-१५ मिनिटं, दोन गोष्टी, एक खांद्याची आणि एक बोटांची. दोन-तीन महिने धरून चला.

वही परत काढताना

खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, टेबल कोपराच्या उंचीला हवं. पेन्सिल जाड, तिकोनी आणि शिसं मऊ, २बी चालेल, म्हणजे कमी जोरात काळं उमटतं. रबरी ग्रिपने बोटं जागेवर राहतात पण ताकद येत नाही, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका. चार बोटांनी धरत असेल आणि दुखत नसेल तर राहू द्या, तीन बोटांचीच पकड हवी असा हट्ट नको. डावखुऱ्या मुलाचा हात बदलायचा नाही, वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवून द्या.

आधी उभ्या-आडव्या रेषा, अर्धगोल, मग सारख्या वळणाची अक्षरं एकत्र, ग म न, मग व ब क, मग ट ठ ढ. मोठी चौकट, पाच मिनिटं, आणि हात झटकायला मधे सुट्टी. शाळेतल्या बाईंना आधीच जाऊन भेटा आणि विचारा की काही दिवस पानाऐवजी दोन ओळी चालतील का, नीट सांगितलं तर बहुतेक जणी ऐकतात.

डॉक्टरांकडे कधी

दोन-तीन महिने करूनही फरक नसेल, एकच हात अगदी कमी वापरत असेल, हात थरथरत असेल, सतत दुखत असेल, सारखं पडत-धडपडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली असेल तर मात्र थांबूच नका, लगेच जा. गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (लिहिणं, बटण लावणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून व्यायाम आणि खेळ करून घेणारे तज्ज्ञ) पाठवतात, पुण्यात ते भरपूर आहेत. जाताना वहीची जुनी-नवी पानं घेऊन जा आणि मूल लिहिताना आणि बटण लावताना मोबाईलवर एक-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, हात आणि खांदा दोन्ही दिसतील असा, कारण नवीन जागी मुलं कधी लाजून काहीच करून दाखवत नाहीत.