रीडेव्हलपमेंटमध्ये लहान घरं डिझाईन करताना या चुका टाळा (फक्त स्क्वेअर फूट मोजत बसू नका)

मी आर्किटेक्ट आहे, मोठे टॉवर वगैरे नाही, वीस-पंचवीस घरांच्या जुन्या सोसायट्या पाडून परत बांधायच्या असतात तसली कामं करतो. गेल्या काही वर्षांत किती जीबीएमना (म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभांना) बसलो असेन मोजलेलं नाही, पण दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, कार्पेट किती वाढवून मिळणार?" (कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा.) दुसरा पार्किंगचा आणि तिसरा कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर देतो त्या एकरकमी पैशांचा. खिडकी कुठे येणार, धुणं कुठे वाळणार, लिफ्टमध्ये स्ट्रेचर जाणार का, हे विचारणारा माणूस मला आत्तापर्यंत दोनदा भेटलाय, आणि दोन्ही वेळेला तो माणूस नव्हता, बाई होती.

तर ज्या चुका मी बघितल्यात आणि काही स्वतः केल्यात, त्या सांगतो.

कार्पेट वाढलं म्हणजे घर वाढलं असं समजणं

सुरुवातीच्या एका कामात आम्ही ३७० स्क्वेअर फुटांचं घर ४२० केलं, पेढे वाटले गेले, सगळे खूश. ताबा मिळाल्यावर एक काका म्हणाले, अहो घर वाढलंय पण जागा कुठाय? टेप लावून बघितलं तर तीन फूट रुंद बारा फूट लांब पॅसेज, म्हणजे ३६ स्क्वेअर फूट. वाढवून मिळालेल्या पन्नासातले छत्तीस नुसते चालण्यात गेले, आणि प्लॅन माझाच होता. वर त्या पॅसेजमध्ये तीन दरवाजे उघडायचे, अडीच फुटी दरवाजा फिरायला साधारण पाच स्क्वेअर फूट जागा खातो आणि तिथे तुम्ही काहीच ठेवू शकत नाही.

लहान घरात पॅसेज शक्यतो नकोच. हॉलमधूनच बेडरूमला आणि टॉयलेटला जाता आलं पाहिजे, फक्त टॉयलेटचं दार थेट देवघरासमोर किंवा जेवायच्या जागेसमोर येत नाही ना तेवढं बघायचं, नाहीतर लोक राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात पडदा लावतात. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. आत उघडणाऱ्या दाराला टेकून म्हातारं माणूस आत पडलं ना, तर दार उघडतच नाही. हे मला एका डॉक्टर मेंबरने सांगितलं तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि माळा! जुन्या घरात पोटमाळा होता म्हणून तर गाद्या, गणपतीचं मखर, दिवाळीची मोठी पातेली, सगळं खपून जायचं. नवीन प्लॅनमध्ये तो माळा काढून टाकतात कारण थ्रीडी चित्रात चांगला दिसत नाही. मग ते सामान कुठे जातं? बाल्कनीत. मग बाल्कनीला काच लागते, आणि इथून पुढची गडबड सुरू होते.

खिडकीचा साईज कागदावर बघून समाधान मानणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांमध्ये दिसते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दमट-उष्ण हवेसाठी उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असाव्यात असं आहे, कोरड्या-उष्ण हवेसाठी एक दशांश. म्हणजे मुंबई-ठाणे-कोकणातल्या शंभर स्क्वेअर फुटांच्या खोलीला साधारण १७ स्क्वेअर फूट उघडी खिडकी लागते. प्लॅनवर पाच बाय चारची खिडकी दाखवलेली असते, वीस फूट, बघणारा म्हणतो वा वा. पण ती असते स्लायडिंग! दोन पट्ट्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणजे वारा यायला राहिले दहा फूट, त्यावर डासांची जाळी, बाहेर ग्रिलमध्ये कुंड्या आणि एसीचं आऊटडोअर. त्यापेक्षा बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या, जुन्या वाड्यांना-चाळींना होती तशी.

आणि एकट्या खिडकीने काही होत नाही. वारा आत आला तर बाहेर पडायला वाट पाहिजे, नाहीतर तो आतच येत नाही. मधे कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना घरं असा प्लॅन केला की प्रत्येक घराला एकाच बाजूची हवा मिळते, आणि कॉरिडॉरमध्ये भर दुपारी ट्यूबलाईट. एका बाजूला गॅलरी आणि तिच्यावर ओळीने घरं, ही चाळीची पद्धत होती, तिच्यात वारा आरपार जायचा. मी चाळीचं उगाच कौतुक करत नाहीये हां, चाळीचं कौतुक चाळ सोडून गेलेलेच जास्त करतात, कॉमन संडासासाठी पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला विचारा. पण गॅलरी ही गोष्ट सोडून द्यायला नको होती. प्रायव्हसीचा प्रश्न येतो तो खरा, त्याला उपाय म्हणजे गॅलरीकडची खिडकी डोळ्यांच्या उंचीच्या वर घ्यायची, साडेपाच फुटांपासून पुढे, वारा जातो पण नजर जात नाही.

दोन इमारतींमधल्या अंतराकडे तर कोणी बघतच नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहती माहीत असतील, तिथे बहुमजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी तिथे अभ्यास केला तेव्हा दिसलं की टीबी आणि घरातला उजेड-वारा यांचा थेट संबंध आहे, खालच्या मजल्यांना जास्त त्रास. झोपडपट्टीतून पक्क्या घरात आणलं आणि घरानेच आजारी पाडलं. म्हणून सोसायटीवाल्यांनो, आर्किटेक्टकडे फक्त प्लॅन मागू नका, सेक्शन मागा, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र. त्यात शेजारची बिल्डिंग पण काढायला लावा आणि विचारा, पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आकाश दिसतं का? नसेल दिसत तर पहिल्या मजल्यावर कमिटी मेंबरचंच घर द्या म्हणावं.

छज्जा हा आणखी एक विषय. आजकाल इमारतीचा दर्शनी भाग सपाट पाहिजे म्हणून छज्जे उडवतात. मग जूनमध्ये पाऊस आत येतो, खिडकी बंद, चार महिने बंद खोलीत कपडे वाळवणं, भिंतीला बुरशी, आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याला पैसे. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा आडवा छज्जा छान काम करतो, पश्चिमेला मात्र संध्याकाळचं ऊन खालून तिरपं येतं, तिथे आडव्या छज्ज्याचा उपयोग होत नाही, उभ्या फळ्या, जाळी किंवा सरळ झाड लागतं.

धुणं, फोडणी आणि डक्ट

या तिन्हींचा निर्णय सहसा अशी माणसं घेतात ज्यांनी तिन्हीतलं काही केलेलं नसतं. मीटिंगला पुरुष येतात, सही पुरुष करतात, आणि ओट्याची उंची ठरते कॉन्ट्रॅक्टरच्या सवयीने.

ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्याची छोटी बाल्कनी, तीन फुटांपेक्षा कमी रुंद असेल तर मशीन ठेवल्यावर माणूस मावत नाही. मशीनला पाण्याचा पॉइंट दिला जातो पण सांडपाण्याचं भोक विसरतात, मग पाईप मोरीपर्यंत ओढत न्यायचा. हॉलच्याच एका कोपऱ्यात ओटा देण्याची फॅशन आलीय, दिसायला छान, पण आपल्याकडे रोज फोडणी होते, मिरची जळते, रविवारी बोंबील तळले जातात. ओटा बाहेरच्या भिंतीला पाहिजे आणि एक्झॉस्ट थेट बाहेर, डक्टमध्ये (पाईप जातात त्या उभ्या पोकळीत) नको, नाहीतर तुमचे बोंबील वरच्या मजल्यावर आधी पोचतात. डक्टमध्ये प्लंबर उतरून काम करू शकेल एवढी रुंदी ठेवा आणि तळाला दार ठेवा. नाहीतर एक पाईप फुटला की एखाद्याची बाथरूम फोडावी लागते, आणि तोपर्यंत कबुतरांनी आत संसार मांडलेला असतो.

ग्रीन म्हणजे गच्चीवर काहीतरी लावून टाकणं

इथे मी थोडा कडू बोलणार आहे. ब्रोशरवर सोलर आणि रेनवॉटर लिहिलं की सस्टेनेबल झालं असं नसतं, हिशोब करून बघा.

समजा पुण्यात २४ घरांची सोसायटी, गच्ची २०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर. पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला धरला तरी वर्षाला १ लाख १२ हजार लिटर. भरपूर वाटतं ना? आता २४ घरांत चार-चार माणसं म्हणजे ९६, माणशी १३५ लिटर रोजचं धरतात त्यातले ४५ फ्लशला, म्हणजे नुसत्या फ्लशला रोज ४३२० लिटर. वर्षभराचा पाऊस फ्लशला २६ दिवस पुरला! म्हणून पावसाचं पाणी साठवू नका असं नाही, जरूर करा, पण त्याआधी ड्युअल फ्लश (कमी-जास्त पाण्याची दोन बटणं असलेला) आणि नळाला एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) लावा, तो खर्च किरकोळ आहे आणि फायदा बारा महिने. अंघोळीचं-धुण्याचं पाणी फ्लशला वापरायचं असेल तर पाईपच्या दोन वेगळ्या लाईन ड्रॉइंगमध्येच हव्यात, नंतर कोणी करत नाही, टाईल्स फोडायला कोण तयार होतो.

शोषखड्डा पण कुठेही खणून चालत नाही. खाली मुरूम असेल तर पाणी जिरतं, दोन फुटांवर काळा पाषाण लागला तर तो खड्डा डासांची टाकी होतो. समुद्राजवळ जमिनीतलं पाणी आधीच वर असतं, तिथे टाकीच बरी.

सोलरचं गणित मात्र लहान सोसायटीला जमतं. एक किलोवॅटला सावली नसलेली साधारण शंभर स्क्वेअर फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत हाऊसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी आहे. दहा किलोवॅटला हजार फूट गच्ची, म्हणजे पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली उत्तरेला सरकवा, नाहीतर हिवाळ्यात त्यांचीच सावली पॅनलवर. ही गोष्ट स्लॅब पडायच्या आधी ठरवायची असते, गंमत म्हणजे फुकट असते, आणि तरी कोणी ठरवत नाही.

शिवाय इमारत जितकी मशीनवर चालणारी तितका मेंटेनन्स जास्त. मेकॅनिकल पार्किंग, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र), बूस्टर पंप, हे सगळं डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे बिल्डरची दुरुस्तीची जबाबदारी, संपली की तुमच्या गळ्यात. ज्या घरात पेन्शनवर दोन माणसं राहतात त्यांना दर महिन्याचं बिल झेपलं नाही तर ती घर विकून लांब जातात, आणि मग आपण म्हणतो जुनी माणसं राहिली नाहीत सोसायटीत. म्हणून प्रत्येक मशीनपुढे दरमहाचा खर्च लिहून मागा, प्लॅनसोबतच.

तळमजला पूर्ण गाड्यांना देऊन टाकणं

गणपती कुठे बसवणार? हळदीकुंकू, बारसं, कोणी गेलं तर माणसं कुठे बसणार? स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, गाड्या हलवून, अजून काय.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत केली, ऐंशीच्या दशकात, तिथे सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या चौकाभोवती, आणि असे तीन चौक मिळून एक मोठा चौक. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी वाढवलं, काहींनी मूळ घर पाडून तीन मजले चढवले, ते बघून आर्किटेक्ट लोक हळहळतात. मला तर ते बरोबरच वाटतं, घर माणसाबरोबर बदललं. आपल्या पाच-सात मजली सोसायटीत तसे चौक जमणार नाहीत, पण तळाशी तीन-चार गाड्यांएवढी जागा आणि उंबऱ्यालगत एक कट्टा जमतो. कट्टा जिन्याच्या वाटेवर ठेवा, मागच्या कोपऱ्यात नको, तिथे कोणी बसत नाही, फक्त सिगारेटी ओढतात. तळमजल्यावर एक टॉयलेट वॉचमन आणि कामाला येणाऱ्या मावशींसाठी पाहिजेच, याला दर वेळी विरोध होतो आणि दर वेळी मी भांडतो. एक लिफ्ट तरी स्ट्रेचर आडवा जाईल एवढी घ्या. खुर्चीत बसवून, चादरीत धरून माणूस उतरवताना बघितलाय मी, स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये.

बिल्डिंग झालीय, आता काय?

सगळं काही हातातून गेलेलं नसतं. मुख्य दारावर जाळीचा व्हेंटिलेटर फोडून घ्या, आतल्या खोलीच्या दारावरही, वारा लगेच फिरतो (अगरबत्ती लावून धूर कुठे जातो बघा, यंत्र लागत नाही). वरच्या मजल्याला तापत असेल तर गच्चीवर पांढऱ्या तुटक्या टाईल्सचं चायना मोझॅक किंवा निदान पांढरा रंग. पश्चिमेला बांबूची चिक, ती बाहेरून लावायची, आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत येऊन बसलेलं असतं. बंद केलेली बाल्कनी उघडा म्हणून सांगून कोणी ऐकत नाही, मी सोडून दिलंय.

आणि अजून काही पाडलेलं नसेल तर एक काम करा. जुन्या गच्चीवर खडूने नवीन फ्लॅट खऱ्या मापाने आखा, दारं कुठे उघडणार ते पण. एका सोसायटीत आम्ही असं केलं तेव्हा एक आजी चटई घेऊन आखलेल्या बेडरूममध्ये आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "अरे, माझे पाय तर दारात येतायत, रात्री नातू अडखळून पडेल." दार दीड फूट सरकवलं, खर्च शून्य. खडूची दोन पाकिटं आणा, एकात वन बीएचके पुरा होत नाही, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत करा.