मास्टोडॉनच्या डेटाबेसची देखभाल: हात लावण्यापूर्वीची तयारी

ही यादी दोन-तीन स्वयंसेवकांनी चालवलेल्या, काहीशे सभासदांच्या मास्टोडॉन (स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारे सोशल मीडिया सॉफ्टवेअर) सर्व्हरसाठी आहे. सभासदांची खाती, त्यांच्या पोस्ट, कोण कोणाला फॉलो करतो हे सगळे, आणि इतर सर्व्हरवरून आलेल्या असंख्य पोस्टच्या प्रतीही, पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रे) या डेटाबेसमध्ये साठवलेल्या असतात. देखभालीच्या रात्री काय बिघडेल आणि काय सावरता येईल, हे बहुतांशी आदल्या आठवड्यातच ठरून जाते.

सर्वांत आधी बॅकअप. पीजी-डम्पने कस्टम फॉरमॅटमध्ये डम्प (संपूर्ण डेटाबेसची एका फाइलीतली प्रत) घ्यावा, पीजी-बाउन्सर (डेटाबेसच्या जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ) वापरात असेल तर तो वगळून थेट पोस्टग्रेशी जोडणी करावी आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर हलवावी. मात्र फाइल तयार झाली एवढ्यावर समाधान मानू नये. त्या दुसऱ्या यंत्रावर रिकामा डेटाबेस करून, डम्पवरून डेटाबेस पुन्हा उभा करणारे पीजी-रिस्टोअर पूर्ण चालवावे, खात्यांची संख्या मोजावी, आणि पोस्टच्या तक्त्यातील सर्वांत नव्या नोंदीची वेळ डम्प सुरू केल्याच्या वेळेशी जुळते का ते पाहावे. रिस्टोअरला लागलेला वेळ टिपून ठेवावा, कारण काही बिनसल्यास सर्व्हर किमान तेवढा वेळ बंद राहणार आहे आणि सभासदांना द्यायची सूचना याच आकड्यावर आधारलेली असावी. रिस्टोअर करताना एखादा युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा येऊ न देणारी शोधसूची) तयार होत नसेल आणि दुबार नोंदींची चूक दिसत असेल, तर दोष बहुधा बॅकअपचा नसतो. त्या दुबार नोंदी चालू डेटाबेसमध्येच असतात.

त्यांचे एक ओळखीचे कारण असे, की २०१८ मध्ये आलेल्या जी-लिबसीच्या (लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या) २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, आणि डेटाबेसच्या फाइली तशाच ठेवून डेबियन ९ वरून १० वर किंवा उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेलेल्या सर्व्हरांवर मजकुराचे जुने इंडेक्स चुकीचे ठरले, त्यामुळे दुबार नोंदी अडवल्या गेल्या नाहीत. अशा इंडेक्सची तपासणी चालू डेटाबेसवरच करावी लागते, कारण रिस्टोअर केलेल्या प्रतीत सगळे इंडेक्स नव्याने बांधलेले असतात. दुबार नोंदी सापडल्यास टूट-सीटीएल या मास्टोडॉनच्या व्यवस्थापनाच्या साधनात फिक्स-डुप्लिकेट्स ही आज्ञा आहे. ती चालवताना मास्टोडॉन पूर्ण बंद ठेवावे लागते, म्हणून तिच्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवावी.

डेटाबेसबरोबरच एन्व्ह-प्रॉडक्शन ही सेटिंगची फाइलही जपून ठेवावी. मास्टोडॉनच्या ४.३ या आवृत्तीपासून तिच्यात अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड एन्क्रिप्शनच्या तीन किल्ल्या असतात, आणि त्या हरवल्या तर डम्प शाबूत असूनही सांकेतिक रूपात साठवलेली माहिती उलगडता येत नाही. ही फाइल आणि डम्प एकाच ठिकाणी ठेवू नयेत. रेडिस या तात्पुरत्या माहितीच्या साठ्याचीही प्रत घ्यावी: होम फीड पुन्हा बांधता येतात, पण साइडकिकची (मागे चालणारी कामे करणाऱ्या भागाची) रांगेतील कामे तिथेच असतात.

यानंतर डिस्क. पुष्कळ जण जागा संपत आली की व्हॅक्यूम फुल या पोस्टग्रेच्या सफाईच्या आज्ञेकडे वळतात, आणि नेमकी तेव्हाच ती आज्ञा चालवणे सर्वांत धोक्याचे असते, कारण ती संपूर्ण तक्ता आणि त्याचे इंडेक्स नव्याने लिहिते, त्या नव्या प्रतीसाठी मोकळी जागा मागते आणि काम संपेपर्यंत तो तक्ता वाचूही देत नाही. माझ्या मते नेहमीच्या देखभालीत तिला स्थान नाही. साधा व्हॅक्यूम जागा सहसा डिस्कला परत देत नाही, पण पुसलेल्या ओळींची जागा त्याच तक्त्याला पुन्हा वापरू देतो, आणि बहुतेक सर्व्हरांना एवढे पुरते. ऑटोव्हॅक्यूम मुळात सुमारे २० टक्के ओळी बाद झाल्यावर आपोआप सुरू होतो. पोस्टच्या मोठ्या तक्त्यासाठी हे प्रमाण कमी करून ठेवणे जास्त हिताचे.

कोणाचाही संबंध न उरलेल्या परक्या पोस्ट टूट-सीटीएलच्या स्टेटसेस-रिमूव्हने काढायच्या असतील (मूळ मुदत ९० दिवसांची आहे), तर हे काम सुरुवातीला जादा इंडेक्स बांधते हे लक्षात ठेवून आधी जागा मोजावी. परक्या सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांच्या आपल्याकडच्या प्रती काढणे हे वेगळे काम आहे. त्याने डिस्क मोकळी होते, डेटाबेस लहान होत नाही.

इंडेक्स नव्याने बांधायचे असल्यास पोस्टग्रे १२ पासून उपलब्ध असलेला, तक्ता वापरात ठेवूनच काम करणारा रीइंडेक्स कन्करंटली वापरावा. तो मध्येच थांबला तर सीसीन्यू असे शेपूट असलेला निकामी इंडेक्स मागे राहतो. तो काढून टाकण्याची आज्ञा आधीच लिहून ठेवावी.

वेळ ठरवताना सभासद कुठे आहेत ते पाहावे. पुण्यात रात्रीचे २ वाजलेले असतात तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. इतर मास्टोडॉन सर्व्हर न पोचलेल्या पोस्ट पुन्हा पुन्हा पाठवतात आणि ७ वेगवेगळ्या दिवशी अपयश आल्यावरच आपल्याला अनुपलब्ध मानतात, त्यामुळे दोन तासांच्या बंदची धास्ती नको.

प्रत्यक्ष सुरुवातीआधी सगळे काम टी-मक्सच्या (सर्व्हरवर टिकून राहणाऱ्या टर्मिनलच्या) सत्रात उघडावे, म्हणजे जोडणी तुटली तरी आज्ञा मध्येच मरत नाही. पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी या पोस्टग्रेच्या चालू कामांच्या यादीत कोणता व्यवहार (ट्रान्झॅक्शन) तासन्‌तास उघडा राहिला आहे का ते पाहावे. तसा एक जरी असला तरी व्हॅक्यूमला त्यानंतर बाद झालेल्या ओळी काढता येत नाहीत. वेब, स्ट्रीमिंग आणि साइडकिक बंद करण्याच्या व सुरू करण्याच्या आज्ञा क्रमाने लिहिलेल्या असाव्यात, आणि त्यांच्याखाली किती वाजेपर्यंत काम आवरले नाही तर रिस्टोअरकडे वळायचे, आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हेही लिहिलेले असावे.