एफएम चोख, आकाशवाणीला खरखर: गाडीतला मध्यम लहरींचा रेडिओ कसा सुधारावा

गाडीत एफएमची सगळी स्टेशनं स्वच्छ लागतात आणि मध्यम लहरींवर (सेटवर 'AM') आकाशवाणीचं ५५८ किंवा ७९२ किलोहर्ट्झ लावलं की नुसती खरखर ऐकू येते. दुकानात गेलात तर उत्तर ठरलेलं: "एफएम लागतोय ना, मग अँटेना ठीक आहे, सेट बदला." हा सल्ला चूक आहे आणि महागही पडतो. एफएम चांगला लागतो यावरून मध्यम लहरींच्या अँटेनाबद्दल काहीच कळत नाही. बहुतेक गाड्यांत दोष सेटच्या आत नसतो. तो छतावरच्या काडीपासून सेटच्या मागच्या पिनेपर्यंतच्या दोन-तीन मीटरांत असतो, नाहीतर सिगारेट सॉकेटमध्ये खुपसलेल्या चार्जरमध्ये.

लागणारं सामान: मल्टिमीटर, पाने, १२० नंबरचा पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली आणि बॅटरीवर चालणारा छोटा मध्यम लहरींचा रेडिओ. हा रेडिओ सगळ्यात महत्त्वाचा, उसना मिळाला तरी चालेल.

आधी केंद्र चालू आहे का ते बघा

गाडी मोकळ्या मैदानात न्या. उच्चदाबाच्या तारा आणि रेल्वेमार्ग जवळ नको. गाडीबाहेर उभं राहून छोट्या रेडिओवर केंद्र लावा. अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे कमी शक्तीचे प्रक्षेपक बंद होऊन ती केंद्रं एफएमवर गेली आहेत, आणि उरलेल्यांपैकी सगळी दिवसभर चालू नसतात. छोट्या रेडिओवरही काही आलं नाही, तर गाडी खोलून उपयोग नाही. चाचणी दुपारी करा. सूर्य मावळल्यावर दूरची केंद्रं आकाशमार्गे येऊन मिसळतात, आवाज चढतो-उतरतो, आणि सुधारणा झाली की रात्रीची गंमत होती हे कळत नाही.

सेट ९ च्या पायरीवर आहे का?

आपल्याकडच्या मध्यम लहरींच्या केंद्रांच्या आकड्याला ९ ने भाग जातो: मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, नागपूर ५८५, पुणे ७९२, जळगाव ९६३, सांगली १२५१. म्हणजे ट्यूनिंगची पायरी, दर टप्प्याला सरकण्याचं अंतर, ९ किलोहर्ट्झची. अमेरिकेत ती १० किलोहर्ट्झची असते. बाहेरून बसवलेला अँड्रॉइड सेट अनेकदा अमेरिकेच्या रचनेत येतो. मग ७९२ ऐवजी ७९० लागतं आणि आवाज फाटलेला येतो. ५८५ तर ५८० आणि ५९० च्या बरोबर मध्ये पडतं, म्हणजे नागपूर लागतच नाही. पट्टा ५३० पासून सुरू होऊन १७१० ला संपत असेल तर सेट अमेरिकन रचनेत आहे. रेडिओच्या सेटिंगमध्ये विभाग बदलून आशिया किंवा युरोप करा. साठवलेली स्टेशनं पुसली जातील, ती पुन्हा भरा. 'लोकल' नावाचं बटण असेल तर बंद ठेवा, ते कमजोर केंद्रं गाळून टाकतं.

अँटेना: सगळी मेख इथेच आहे

एफएमची तरंगलांबी साधारण ३ मीटर असते आणि तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. छतावरची काडी त्या मापाच्या जवळ जाते, म्हणून ती खरी अँटेना म्हणून काम करते. ५५८ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळपास ५३८ मीटर आहे. तिच्यासमोर गाडीवरची काडी म्हणजे निव्वळ एक चिमुकला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), तोही १० पिकोफॅरडच्या आसपास. त्या कपॅसिटरचं एक टोक म्हणजे काडी आणि दुसरं टोक म्हणजे गाडीचं अख्खं पत्र्याचं अंग. दुसरं टोक नीट जोडलेलं नसेल तर अर्धी अँटेना नाहीच. एफएमला याची फारशी झळ लागत नाही, मध्यम लहरी मात्र गप्प होतात.

तपासणी तीन गोष्टींची: अर्थ (म्हणजे अर्थिंग, अँटेनाच्या बुडाचा गाडीच्या पत्र्याशी जोड), केबल आणि अँटेनातल्या अँप्लिफायरचा, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या सर्किटचा, वीजपुरवठा.

अर्थ आधी. अँटेनाच्या बुडाची धातूची चकती आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यातला रोध मोजा. मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध वजा करून तो अर्ध्या ओहमच्या आत हवा. पण हे मोजताना अँटेनाचा प्लग सेटच्या मागून काढलेला असलाच पाहिजे. इथे भले भले फसतात. प्लग जागेवर असेल तर केबलची बाहेरची धातूची जाळी सेटच्या मार्गाने बॉडीला टेकते, मीटर शून्याजवळ आकडा दाखवतो आणि आपण समजतो अर्थ उत्तम आहे. प्रत्यक्षात छतावरचं बूड पत्र्याशी जोडलेलंच नसतं. अशा वेळी केबलची जाळीच अँटेना होऊन बसते, आणि ती डॅशबोर्डच्या आतून जात असल्यामुळे सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचा कचरा गोळा करून सेटला देते. खरखर वाढलेली आणि केंद्र दबलेलं, अशी जोडी दिसली की पहिला संशय इथेच घ्या.

अर्थ का जातो? डेंटिंग-पेंटिंग करताना छताच्या भोकाभोवती आतून-बाहेरून रंग बसतो आणि दातेरी वॉशर पत्र्यापर्यंत पोचत नाही. कोकणपट्टीत खाऱ्या हवेने वॉशरखाली गंज धरतो. उपाय म्हणजे मागच्या बाजूने छताचं अस्तर थोडं खाली घेऊन नट सोडवा, भोकाच्या आतल्या कडेभोवती तीन-चार मिलिमीटर रुंदीचं कडं पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नवा दातेरी वॉशर घाला, नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्या. छताचा पत्रा पातळ असतो, जोर लावलात तर खड्डा पडेल. जोड पूर्ण झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा, आधी नाही. बाहेरचा रंग अजिबात घासू नका, पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होईल.

एक इशारा गांभीर्याने घ्या: खिडक्यांवर पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत छताच्या कडेने अस्तर ओढू नका. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सांगितलेली वेळ जाऊ द्या. अस्तर मागच्या मध्यभागातून निघत नसेल तर जाणकार माणसाकडे द्या.

आता केबल. गाडीची अँटेना केबल दिसायला साधी, पण तिची धारिता (कपॅसिटरसारखी वीज साठवण्याची क्षमता) मुद्दाम कमी ठेवलेली असते, मीटरला साधारण ३० ते ४५ पिकोफॅरड. ती कुठे तुटली की दुकानदार हाताशी असलेली ऑडिओची शिल्डेड वायर किंवा वॉकीटॉकीची केबल जोडतात, आणि त्यांची धारिता मीटरला १०० किंवा त्याहून जास्त असते. हिशेब करा: १० पिकोफॅरडची काडी आणि तीन मीटर योग्य केबल घेतली तर सुमारे अकराव्या भागाएवढं व्होल्टेज सेटपर्यंत पोचतं. तीच लांबी चुकीच्या केबलची असेल तर तिसाव्या-एकतिसाव्या भागाएवढंच. एफएमवर हा फरक कानाला जाणवतच नाही, म्हणून तो कधी पकडला जात नाही. मध्ये जोड असेल तर तो काढून गाडीच्या अँटेनासाठीचीच तयार एक्स्टेन्शन केबल लावा, आणि शक्य तितकी लहान घ्या. साधी, अँप्लिफायर नसलेली लांब काडी असेल तर प्लगच्या मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. काही मेगोहम जरी दिसले तरी बुडात पाणी शिरलं आहे. पंख्याने वाळवून भागत नाही, बूड बदला.

तिसरी गोष्ट, आणि आधुनिक गाड्यांत सर्वात जास्त वेळा सापडणारी: अँप्लिफायरला वीजच मिळत नाही. शार्क फिन (छतावरची माशाच्या पराच्या आकाराची अँटेना), वीतभर काडी किंवा मागच्या काचेवरची अँटेना असेल तर बुडात किंवा काचेजवळ अँप्लिफायर असतो असं धरून चाला. कंपनीचा सेट त्याला १२ व्होल्ट देतो, कधी वेगळ्या वायरने, कधी अँटेनाच्याच केबलमधून. बाहेरचा सेट बसवला की हा पुरवठा तुटतो. बंद अँप्लिफायरमधून झिरपणाऱ्या संकेतावर एफएम कसाबसा लागत राहतो, म्हणून तक्रार होत नाही. मध्यम लहरी मात्र जवळपास मरतात.

पुरवठा केबलमधून जात असेल तर सेट आणि केबल यांच्यात अँटेना पॉवर अडॅप्टर लागतो. त्याची निळी वायर सेटच्या निळ्या वायरला जोडायची. सेटच्या मागे दोन वायरी असतात: पूर्ण निळी, आणि पांढरी रेघ असलेली निळी. अनेक सेटमध्ये पूर्ण निळीत फक्त रेडिओ लावल्यावर वीज येते, रेघवालीत सेट चालू असेपर्यंत. कुठे काय येतं ते मीटरने बघूनच जोडा, रंगावर विसंबू नका. अडॅप्टर लावण्याआधी अँटेना केबलच्या मधल्या तारेपासून जाळीपर्यंतचा रोध मोजा. तो शून्याजवळ असेल तर अडॅप्टर लावू नका, सेटचं निळं टोक जळेल. रोध ठीक असला तरी निळ्या वायरमध्ये अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालाच.

अँप्लिफायर खरोखर चालतो का, हे कानाने कळतं. कमजोर केंद्र लावा आणि निळी वायर सोडा. मागची सळसळ आणि केंद्र दोन्ही खाली बसले तर तो चालतोय. काहीच फरक पडला नाही तर पुरवठा पोचत नाही किंवा अँप्लिफायर मेला आहे. तरीही ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले 'अँटेना बूस्टर' घेऊ नका. ते खरखरीसकट सगळंच वाढवतात.

खरखर कुठून येते ते शोधणं

केंद्र पोचायला लागलं की राहिलेला आवाज ऐका. इंजिन बंद, चावी ॲक्सेसरीवर. अँटेनाचा प्लग सेटमागून काढा. खरखर गेली तर ती अँटेनातून येते, राहिली तर सेटच्या वीजवाहिनीतून. हे न ठरवता फिल्टर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आरसीए वायरींवर (सेटमधून आवाज बाहेर नेणाऱ्या) लावायचे 'ग्राउंड लूप आयसोलेटर' या खरखरीवर काहीही करत नाहीत, ते वेगळ्या आजाराचं औषध आहे.

मग सॉकेटमधल्या सगळ्या वस्तू काढा: मोबाइल चार्जर, डॅशकॅम, हवा भरायचा पंप, बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब. एकेक परत लावा. बहुतेक वेळा डॅशकॅमचा चार्जर सापडतो, कारण १२ चे ५ व्होल्ट करणारं त्याचं सर्किट काही लाख वेळा दर सेकंदाला उघडझाप करतं आणि त्याचे पडसाद पूर्ण पट्ट्यावर ठरावीक अंतराने उमटतात. छोटा रेडिओ मोकळ्या जागी लावून वायरीजवळून फिरवा. कुठे आवाज वाढतो ते लगेच कळेल.

चार्जर बदलायचा नसेल तर वायरवर फेराइट (खरखर अडवणारा काळा चुंबकीय पदार्थ) लावा, पण नीट. वायरवर टिचकन बसणारी फेराइटची गोळी एकदाच लावून मध्यम लहरींवर काही होत नाही. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे सात वेढ्यांना एकाच्या ४९ पट. मोठी फेराइट रिंग घ्या आणि वायरचे सात-आठ वेढे द्या, चार्जरच्या शक्य तितक्या जवळ. ५५८ सारख्या खालच्या केंद्रासाठी ७५ नंबरचं फेराइट मिश्रण (mix) उत्तम, ३१ चालतं, ४३ मात्र वरच्या लहरींसाठी आहे.

इंजिन चालू केल्यावर वेगाबरोबर वाढणारी शिट्टी अल्टरनेटरची. वेगाबरोबर वाढणारी टिकटिक पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची, डिझेलमध्ये इंजेक्टरची. स्पार्क प्लग बदलले असतील तर नवे प्लग आत रोध (रेझिस्टर) असलेलेच आहेत ना ते बघा. बॉनेटच्या बिजागऱ्यांवर ग्रीस आणि रंग असतो, म्हणून बॉनेटपासून बॉडीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी जोडा. स्वस्त आणि बऱ्यापैकी गुणकारी.

विजेवर चालणाऱ्या गाडीत मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरचाच आवाज असतो. टेस्लाने आणि बीएमडब्ल्यूने आय३ मध्ये मध्यम लहरींचा पट्टाच काढून टाकला. तिथे यातली कुठलीच पायरी पुरणार नाही.

काही नव्या गाड्यांच्या कंपनीने बसवलेल्या सेटमध्ये डीआरएम, म्हणजे डिजिटल मध्यम लहरी, आधीच असते आणि मालकाला पत्ता नसतो. मेनूत बघा. मात्र डिजिटललाही अँटेनाचा अर्थ आणि अँप्लिफायरचा पुरवठा तितकाच लागतो. तिथे खरखर येत नाही, आवाज तुटक होतो किंवा थेट बंद पडतो.

सगळं जागेवर बसवल्यावर बुडाखालचं रबर सरळ आहे ना ते बघा. पहिल्या जोरदार पावसानंतर छताचं अस्तर हाताने चाचपा आणि अर्थ पुन्हा एकदा मोजा, प्लग काढून.