‘दूध जालं’: लहान मुलांचं बोलणं टिपायला शिकताना

मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासासाठी गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका घरी मी पहिलं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा चिंगी (नाव बदललं आहे) दोन वर्षं चार महिन्यांची होती. घर मराठीप्रेमी, आई मराठी शाळेत शिकवणारी. रात्री वहीत उतरवताना मी तिचं एक वाक्य लिहिलं, ‘दूध जालं’, आणि पुढे शेरा मारला: ‘जाणे’ या क्रियापदाचं चुकीचं भूतकाळी रूप, ‘गेलं’ हवं होतं. नियम सरसकट लावण्याचं इतकं सुरेख उदाहरण पहिल्याच दिवशी सापडलं म्हणून मला झोप लागेना.

पुढच्या खेपेला कॅमेरा नेला. चिंगीने दूध संपवलं, पेला उलटा करून आजीला दाखवला आणि म्हणाली, “जालं!” आजी तिला रोज भरवते, आणि भरवताना कोकणीत विचारते, “जालें?” म्हणजे झालं का, संपलं का. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. माझी दोन पानं मात्र खोडावी लागली.

गोव्यात हे काम करायला येणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते. “घरात कोणती भाषा बोलता?” असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर लोक मनापासून देतात, पण ते आपल्या मायेच्या भाषेचं नाव असतं. त्याऐवजी विचारा, बाळाला न्हाऊ कोण घालतं, भरवतं कोण, निजवतं कोण, आणि त्या वेळी तोंडातून काय निघतं. चिंगीच्या घरी आई मराठीत गोष्टी सांगते, आजी कोकणीत रागावते आणि शेजारची मुलं हिंदी कार्टूनमधली वाक्यं फेकतात. लिंगाचंही तसंच. कोकणीत लहान मुलीविषयी नपुंसकलिंगी बोलतात, ‘तें आयलें’. म्हणून इथलं मूल ‘ताई आलं’ म्हणालं तर लगेच लाल शाई उचलू नये.

मग मुलाने स्वतः घडवलेलं रूप ओळखायचं कसं? चिंगीनेच ते मला शिकवलं. अडीच वर्षांची झाल्यावर ती म्हणायला लागली, “मी करलं.” मराठीत ‘केलं’, कोकणीत ‘केलें’. ‘करलं’ तिच्या कानावर पडेल अशी जागा त्या घरात नव्हती. पण धर–धरलं, भर–भरलं, मार–मारलं हे ती दिवसभर ऐकत होती. त्या साच्यात तिने ‘कर’ ओतला. गंमत म्हणजे त्याआधी दोन महिने ती बिनचूक ‘केलं’ म्हणत असे. आईला वाटलं पोर मागे पडली. मी त्यांना सांगितलं, आधी ती एक तयार शब्द उचलून वापरत होती, आता तिला नियम सापडला आहे. हे सांगताना मला जो आनंद झाला, त्यासाठी मी या विषयात राहिले.

मुलाला नियम कळला की नुसतं पाठांतर आहे, हे तपासण्याची एक जुनी आणि अजूनही सुंदर युक्ती आहे. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ असं बनावट नाव दिलं आणि तसे दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. शब्दच नवा, तेव्हा त्याचं अनेकवचन मुलाने आधी ऐकलेलं असणं शक्य नाही. मी मराठीसाठी एक ‘लुपा’ काढला: गोल पोटाचा, तीन पायांचा. चार वर्षांचा एक मुलगा लगेच म्हणाला, “दोन लुपे.” मग लुप्याच्या डोक्यावर पक्षी काढला आणि विचारलं, पक्षी कुठे बसला? “लुप्यावर.” घोडा–घोड्यावर हे सामान्यरूप त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ही चाचणी घरी करून बघाच, कागद-पेन्सिलीवर भागते.

बोलायला न लागलेल्या तान्ह्यांचा अभ्यास वेगळ्या वाटेने होतो. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली की एक खेळणं उजळून हलायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. आपल्या मुलांचा हा फरक टिकतो, कारण त्यांना तो रोज लागतो. अशी प्रयोगशाळा हाताशी नसली तरी निराश होऊ नका. घरी बसून ऐकण्याचं काम अजून ढिगाने पडलं आहे.

ते काम कष्टाचं आहे, हेही सांगते. एक तासाचं ध्वनिमुद्रण उतरवायला मला सुरुवातीला बारा तास लागत. पावसात पत्र्याच्या शेडखाली बसलात तर काहीच ऐकू येणार नाही. पंखा बंद करा, माइक मुलाच्या अंगरख्याला लावा. पोदेराचा, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू वाजला तर तो मात्र राहू द्या. चिंगी पावालाही ‘पों’ म्हणायची आणि पाववाल्यालाही, हे मला त्या भोंपूमुळेच कळलं. उतरवताना मुलाचं रूप जसंच्या तसं ठेवा, प्रमाण रूप शेजारी वेगळं लिहा. त्यासाठी ‘चाइल्ड्स’ या संग्रहाची लेखनपद्धत शिकून घ्या. ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरिन स्नो यांनी तो १९८४ मध्ये सुरू केला. जगभरच्या मुलांची बोलणी तिथे वाचायला मिळतात.

सरासरी वाक्यलांबी, म्हणजे मुलाचं एक वाक्य सरासरी किती लांब असतं ते, मोजायला लागाल तेव्हा अडाल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी ती इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी वापरली आणि शब्दांऐवजी अर्थपूर्ण घटक मोजले. ‘घरातल्यांना’ यात घटक किती? मी चार धरते, माझी मैत्रीण पाच. कोणतंही ठरवा, पण पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आहे. मानसशास्त्र किंवा वाचा-श्रवणोपचार शिकूनही या कामात येता येतं. कुठूनही या, पालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि मूल कंटाळलं की यंत्र बंद करा, वाक्य अर्धवट राहिलं तरी.

चिंगी आता तीन वर्षांची आहे. गेल्या शनिवारच्या फितीत सतराव्या मिनिटाला ती “मी करलं” म्हणते, विसाव्या मिनिटाला बाहुलीला दटावते, “कुणी केलं हे?” आजी मागून हसते. आईला ती फीत मी दोनदा ऐकवली.